टोमॅटोच्या रोपांवरचा जांभळा दिवा

मित्रांनो, माझ्या उजेडात तुम्ही अभ्यासाला बसलात, तर तुमची आई तुम्हाला कान धरून उठवेल. माझ्या उजेडात अक्षरं नाचतात, दूध गुलाबी दिसतं आणि धडधाकट माणूसही तापाने फणफणल्यासारखा दिसतो. तेव्हा आधीच सांगून टाकतो, मी घरचा दिवा नाही. मी झाडांचा दिवा आहे. आता मी बराच जुना झालो आहे. माझ्या अंगावरचे काही ठिपके कायमचे विझले आहेत, पाठीवरचा छोटा पंखा फिरताना कुरकुरतो, आणि वायरला एके ठिकाणी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. पण बोलण्याची हौस अजून गेलेली नाही. इतकी वर्षं कोणी ऐकायलाच नव्हतं, तेव्हा आज तुम्ही सापडलात तर सहजासहजी सोडणार नाही.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. चपट्या अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बारीक बारीक एलईडी बसवायचे, आणि सोल्डरच्या, म्हणजे वितळलेल्या कथलाच्या, थेंबाने पक्के करायचे, हे काम तिथे एक चष्मा लावलेली बाई करत असे. ती कामात गाणं गुणगुणायची आणि नेमकी एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायची. पुढची तिला येत नसावी. शेवटचा थेंब लावून तिने मला पहिल्यांदा पेटवलं, आणि लगेच हाताने डोळे झाकले.

“डोळे दिपवलेस की रे, मेल्या!” ती म्हणाली.

माझ्याशी कोणीतरी बोललेलं ते पहिलं वाक्य. मला ते कौतुकच वाटलं. मग तिने मला खोक्यात घातलं आणि पुढच्या पट्टीला हात घातला.

माझा उजेड जांभळा का, हे तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. सूर्याच्या उजेडात सगळे रंग असतात. झाडाच्या पानाला त्यातला लाल आणि निळा जास्त मानवतो. हिरवा ते बऱ्यापैकी परत पाठवतं, म्हणून तर पान तुम्हाला हिरवं दिसतं. उजेड अंगात घ्यायचा, मुळांनी ओढलेलं पाणी घ्यायचं, हवेतला कार्बन डायऑक्साइड घ्यायचा आणि त्यातून साखर करायची, असा पानाचा स्वयंपाक असतो. पुस्तकात त्याला प्रकाशसंश्लेषण म्हणतात. तो शब्द म्हणताना तुमची जीभ अडखळते, पण पान ते काम हूं की चूं न करता करतं. मला घडवणाऱ्यांनी विचार केला, पानाला जे फारसं नको ते द्यायचं कशाला? म्हणून माझ्या वाट्याला फक्त लाल आणि निळे ठिपके आले, आणि दोन्ही मिसळून मी जांभळा झालो.

त्यात माझी मात्र पंचाईत झाली. माझ्यात हिरवा रंगच नाही, त्यामुळे हिरवं म्हणजे काय ते मला दिसत नाही. जन्मभर मी पानांना जेवू घातलं, आणि मला पान दिसलं ते काळं. बंद झाल्यावर तर मला काहीच दिसत नाही, फक्त ऐकू येतं. लोक पानांना हिरवीगार म्हणायचे, तेव्हा मला वाटायचं, ही मंडळी कुठल्या भलत्याच पानांबद्दल बोलत आहेत.

माझी पहिली नोकरी एका मोठ्या गोदामात होती. तिथे खिडकी नावाला नव्हती. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, प्रत्येक फळीवर लेट्यूस नावाच्या पालेभाजीची रोपं आणि प्रत्येक फळीच्या वर माझ्यासारखे दिवे. आम्ही इतके जण होतो, पण सगळे खाली तोंड करून. शेजारच्याकडे वळून बघायची सोय नव्हती. गर्दीत राहून एकटं असणं मी तिथे शिकलो.

तरी ते दिवस रुबाबाचे होते. पाहुणे यायचे, माझ्याखाली उभे राहून फोटो काढायचे. “सूर्याशिवाय शेती!” असं म्हणून एकमेकांकडे बघायचे. माझी मान ताठ व्हायची. गोदामावर देखरेख करणारे गृहस्थ कायम टोपी घालत, त्यांना सगळे टोपीवाले म्हणत. ते पाहुण्यांना सांगत, “ऊन असो, ढग असो, आमच्या रोपांचा दिवस ठरल्या वेळी उगवतो आणि ठरल्या वेळी मावळतो.” ते खरं होतं. भिंतीवर एक टायमर होता. तो ‘खट्’ करायचा आणि आम्ही सगळे एकदम विझायचो. मग काळोखात रोपं आपापलं राहिलेलं काम उरकायची. दिवसा केलेली साखर मुळांकडे, शेंड्याकडे पोचवायची, वाढायचं. झाडाचा दिवस आपल्याला दिसतो, म्हणून आपण त्याच्या रात्रीला काही किंमत देत नाही.

एकदा त्यांनी हौस म्हणून एका फळीवर टोमॅटो लावले होते. सुट्ट्यांच्या दिवसांत त्या फळीचा वेगळा टायमर अडकला आणि दिवे दिवसरात्र जळत राहिले. लेट्यूसच्या फळीवर असं झालं असतं तर एवढं काही बिघडलं नसतं, पण लोक परत आले तेव्हा टोमॅटोची पानं पार पिवळी पडली होती म्हणे. टोपीवाल्यांनी तो ट्रे बाहेर उजेडात नेला आणि त्यांचा आवाज गोदामभर घुमला. “टोमॅटोला रात्र लागते रे बाबांनो! रात्र द्या त्याला!” ते वाक्य माझ्या मनात बसलं.

पुढे आमचे दिवस फिरले. काम करणाऱ्या बायकांची डोकी दुखू लागली. त्यांना रंगीत काचांचे चष्मे दिले, तरी दुखणं राहिलंच. आणि खरी अडचण वेगळीच होती. माझ्या उजेडात पान आजारी असो की ठणठणीत, काळंच दिसायचं. करपलेल्या कडा कोणाच्या लक्षात येत नसत, आणि लक्षात येईपर्यंत फळी हातची गेलेली असे. शेवटी पांढरे दिवे आले. त्यांच्यात हिरवाही होता. तो हिरवा पानांच्या आतपर्यंत, खालच्या थरापर्यंत पोचतो असं कोणीतरी सांगत होतं. म्हणजे जो फारसा लागत नाही म्हणून मला दिला नव्हता, त्याचंही काम होतं तर. मला उतरवलं, वायर गुंडाळली आणि पोत्यात टाकलं. बाय्‌बाय म्हणायलाही कोणी थांबलं नाही.

भंगाराच्या दुकानात मी एका फुटक्या किटलीवर आणि एका मुक्या रेडिओखाली पडून राहिलो. तिथे किती काळ गेला ते मला ठाऊक नाही. एके दिवशी एक उंच, थोडे वाकलेले म्हातारे गृहस्थ आले. ते पूर्वी बस चालवत, हे त्यांच्या उभं राहण्यावरून कळत नव्हतं, पण भंगारवाला त्यांना “ड्रायव्हरसाहेब” म्हणत होता.

“हा कसला दिवा?” त्यांनी मला उचलून विचारलं.

“झाडांचा आहे. ऊन नसलं तरी झाडं वाढतात म्हणे याच्यावर.”

“म्हणे, की वाढतात?”

“आता मी काय झाड आहे का साहेब?” भंगारवाला म्हणाला.

त्यांना हसू आलं. त्यांनी मला कागदात गुंडाळलं आणि लहान मुलाला धरावं तसं छातीशी धरून घरी नेलं.

ते घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक बिनखिडकीची अडगळीची खोली. त्या खोलीतले जुने पेपर, तुटकी छत्री, शिवणाचं यंत्र असं सगळं त्यांनी बाहेर काढलं, छताच्या हुकाला दोरी बांधली आणि मला टांगलं. खाली कुंड्या मांडल्या. मग ते एक छोटी काचेची बाटली घेऊन आले. तिच्यात टोमॅटोचं बी होतं.

ते बी त्यांच्या बायकोचं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत ती दरवर्षी टोमॅटो लावायची आणि दरवर्षी त्यातलं चांगलं फळ निवडून बी ठेवायची. ते बी तिला तिच्या आईने दिलेलं. पुढे समोर उंच इमारत उभी राहिली, खिडकीतलं ऊन गेलं आणि टोमॅटोही गेले. त्यानंतर ती आजारी पडली, आणि काही महिन्यांनी तीही गेली. बाटली तेवढी कपाटात राहिली. हे सगळं मला ड्रायव्हरसाहेबांनीच सांगितलं. ते कुंडीत माती भरता भरता बोलायचे, आणि ऐकायला मीच होतो.

त्यांनी बाटली उपडी केली. एकही बी मागे ठेवलं नाही. बी जुनं झालं होतं, बऱ्याच कुंड्यांत काही उगवलंच नाही. रोज सकाळी ते वाकून मातीकडे बघायचे, बोटाने जराशी उकरायचे आणि पुन्हा सारखी करायचे. अखेर चार रोपं वर आली. ती चार जगली, फळली, तरच तिचा टोमॅटो जगणार होता. दुसरं बी जगात कुठे नव्हतं. एवढी मोठी जोखीम माझ्या अंगावर पूर्वी कधी पडली नव्हती, आणि खरं सांगतो, मी मनातून फुलून गेलो.

“काय जांभळ्या,” ते मला म्हणाले, “जमेल ना?”

मित्रांनो, मला नाव मिळालं. गोदामात माझ्या पाठीवर आकडा होता. इथे मी जांभळ्या झालो.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी माझ्या बटणाकडे हात नेला आणि तो तिथेच थांबला. बराच वेळ ते रोपांकडे बघत उभे होते.

“राहू दे,” ते म्हणाले. “तिला अंधार सोसायचा नाही. तिची रोपं कशी अंधारात ठेवू?”

त्याचं असं होतं. आजारपणात त्यांच्या बायकोला अंधाराची फार भीती वाटू लागली होती. “दिवा मालवू नका हं,” एवढंच ती रोज मागायची. म्हणून तिच्या खोलीतला दिवा त्यांनी कधी मालवला नाही. ती गेल्यावरही नाही. अडगळीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं असलं की मला समोरच्या खोलीतला तो पिवळसर उजेड दिसायचा. पलंग तसाच, चादर घातलेला. ते स्वतः तिथे झोपत नसत. ते माझ्याजवळ खुर्ची घेऊन बसत, आणि पहाटे कधीतरी त्यांचा डोळा लागे.

म्हणजे त्या घरात तीन जण जागे होते. एक ते, एक तो पिवळा दिवा आणि एक मी. आणि आमच्या पायाशी चार रोपं, त्यांनाही कोणी झोपू देत नव्हतं.

माझ्या मनात पाल चुकचुकली होती. टोपीवाल्यांचा तो आरडाओरडा मला आठवत होता. पण मी काय करणार? माझ्याकडून फार तर एखादा ठिपका लुकलुकेल, दुसरं काही होणार नाही. दिव्याला स्वतःला मालवता येत नाही. सुरुवातीला रोपं भराभर वाढली, तेव्हा मला वाटलं, असू दे, आपलीच शंका खोटी असेल. ड्रायव्हरसाहेब मुलीला फोनवर सांगायचे, “अगं, वाढतायत बघ! कालपेक्षा आज उंच!” मुलगी दुसऱ्या गावात राहायची आणि कापडाच्या दुकानात कामाला होती. तिला ते सगळं सांगत, फक्त आपण झोपत नाही एवढं सोडून.

मग वाढ थांबली. पानांच्या कडा वर वळू लागल्या, आणि खालची पानं हात लावला की गळून पडू लागली. रंगाचा मला पत्ता नव्हता, आणि माझ्या उजेडात त्यांनाही नव्हता. पान काळं होतं, काळंच राहिलं. त्यांना वाटलं उजेड कमी पडतोय. त्यांनी दोरी सैल करून मला आणखी खाली आणलं. मग वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून पाणी वाढवलं. मायेच्या माणसाला दुसरं काय सुचणार? आणखी द्यायचं, आणखी द्यायचं. माझा जीव तीळतीळ तुटत होता. ज्या रोपांसाठी मला आणलं, त्यांच्या उरावर मीच बसलो होतो, आणि वरून ते मला शाबासकी देत होते.

“तू आहेस म्हणून बरं आहे रे जांभळ्या,” ते म्हणायचे.

एका दुपारी दाराची बेल वाजली. मुलगी न कळवताच आली होती.

“आवाज ऐकला तुमचा फोनवर आणि राहवेना,” ती म्हणाली. “केवढे वाळलात बाबा! जेवता का नाही?”

“जेवतो गं. आधी झाडं बघ.”

ती खोलीत आली आणि तिने डोळे बारीक केले. “अगं बाई! इथे बसता तुम्ही? नाटकातल्या नरकासारखं दिसतंय सगळं.”

“जांभळ्याला बोलू नकोस. झाडं बघ.”

तिने वाकून बघितलं. “काळी दिसतायत.”

“याच्या उजेडात पानं काळीच दिसतात. आपण दोघं तापाने फणफणलेली.”

“हे असं कळायचं नाही,” ती म्हणाली. “आमच्या दुकानात कोणी शहाणं गिऱ्हाईक दिव्याखाली रंग पसंत करत नाही. ठाण उचलायचं आणि दाराशी उजेडात न्यायचं. दिव्याखाली मोरपंखी वाटतं आणि बाहेर नेलं की निघतं भलतंच.” आणि तिने एक कुंडी सरळ उचलून कडेवर घेतली.

“अगं, मोडेल! सावकाश!”

ती घराबाहेर गेली. जिन्याच्या वळणावर एक मोठी खिडकी होती, तिथून दिवसाचा उजेड यायचा. ते तिच्या मागोमाग गेले. मला दोघं दिसत नव्हती, पण दारं उघडी होती आणि आवाज ऐकू येत होते.

“बाबा,” मग ती हळू म्हणाली, “पान बघा.”

“पिवळं...” ते म्हणाले. “हे पिवळं आहे.”

“सगळीच आहेत. शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्यात.”

“अगं पण मी... मी यांना काही कमी केलं नाही गं. एक मिनिट अंधारात ठेवलं नाही.”

“म्हणजे? रात्री?”

“रात्रीसुद्धा.”

तिने लगेच आपल्या गावातल्या रोपवाटिकेतल्या बाईंना फोन लावला. त्यांचा आवाज खणखणीत होता, जिन्यातून थेट माझ्यापर्यंत आला. “दिवसरात्र? अहो काय करताय! टोमॅटोला रात्र पाहिजे. संध्याकाळी बंद करा, सकाळी लावा. पिवळी पानं सुधारायची नाहीत, पण शेंडा जिवंत असेल तर नवीन येतील. पाणीही हात राखून घाला!”

ती दोघं परत आली. ड्रायव्हरसाहेबांनी कुंडी जागेवर ठेवली आणि खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा इतका उतरला होता, की मला त्यांच्यावर उजेड टाकायची लाज वाटली.

“तुझ्या आईला अंधार नको असायचा,” ते म्हणाले.

“आईला भीती वाटायची, बाबा. झाडांना नाही वाटत.”

“मग मी इतके दिवस काय करत बसलो होतो?”

ती त्यांच्या खुर्चीच्या हातावर टेकली. “सोबत करत होतात. जरा जास्त झाली, एवढंच.”

ते हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. तिन्हीसांजेला ते उठले. त्यांनी माझ्या बटणावर बोट ठेवलं, पण बोट दाबेना. शेवटी तिने त्यांच्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि दोघांनी मिळून मला मालवलं.

किती दिवसांनी मी विझलो होतो! अंग हळूहळू गार झालं, पाठीवरचा पंखा थांबला. मला सुटल्यासारखं झालं. आणि मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पावलं दाराकडे गेली आणि दार लागलं. अंधारात माझ्याजवळ कोण बसणार? मला हवं होतं तेच झालं होतं, आणि त्यातच मी एकटा पडलो होतो. मला त्यांचा राग आला नाही. रोपांना झोप लागू दे, एवढंच मी मनात म्हणत राहिलो. पण ते परत यावेत असंही वाटत होतं, ते कशाला लपवू?

मुलगी चार दिवस राहून गेली. त्यानंतर रोज संध्याकाळी ते एकटेच येऊन मला मालवायचे. “झोपा रे,” असं रोपांना म्हणायचे आणि जायचे. दोन रोपं वाचली नाहीत. तिसऱ्याने बराच काळ तग धरला, पण त्याचा शेंडाच सुकला. चौथ्याने मात्र एका सकाळी मुठीसारखं मिटलेलं नवीन पान काढलं. त्या दिवसापासून ते कुंडी रोज जिन्यातल्या खिडकीत नेऊन बघायचे. मला हायसं वाटायचं आणि जरासं वाईटही. त्यांना पान हिरवं दिसावं म्हणून ते माझ्यापासून दूर न्यावं लागत होतं. बाहेरून त्यांचा आवाज यायचा, “हिरवं आहे, हिरवं आहे,” आणि मला तेवढ्यावर भागवावं लागायचं.

रोप वाढलं. फुलं आली. बंद खोलीत वारा नाही, मधमाशी नाही, म्हणून ते फुलांच्या देठाला बोटाने टिचकी मारायचे. बसच्या घंटीची दोरी ओढावी तशी हलकीच, दोनदा. बरीच फुलं गळली. एकच फळ धरलं.

त्या फळाबद्दल मला सांगू द्या, कारण माझ्या आयुष्यात असं दुसरं काही घडलं नाही. सुरुवातीला तेही पानांसारखंच काळं होतं. मग रोज सकाळी पेटल्यावर मला ते जरा उजळलेलं दिसू लागलं. पानं माझा लाल उजेड गिळून टाकतात, परत काही देत नाहीत. हे फळ लाल होत होतं, आणि लाल वस्तू लाल उजेड परत पाठवते. पिकलं तेव्हा ते माझ्याखाली निखाऱ्यासारखं दिसत होतं. मी दिलेलं कोणीतरी मला परत देत होतं. मी त्याच्याकडे बघतच राहिलो.

त्या दिवशी मुलगीही आली. फळ तोडून दोघं जिन्यात घेऊन गेली, मग स्वयंपाकघरात. सुरीचा आवाज आला. पाण्याची धार लागली, बशी वाजली. बी धुऊन ते वाळत घालत होते.

“बाबा, तुम्ही आधी खा.”

मग त्यांचा आवाज आला, “आंबट आहे.”

“तसंच?”

“तसंच. अगदी तसंच आहे गं.”

तिने नाक ओढलं आणि ती म्हणाली, “अर्धं बी मी नेणार. माझ्या गच्चीत ऊन येतं.”

“सगळं ने की. मला चार दाणे ठेव.”

रात्र झाली. ते मला मालवायला आले, “झोप रे” म्हणाले. आता एकच रोप होतं. अंधार झाला. आणि त्यांची पावलं रोजच्यासारखी दूर गेली नाहीत. ती समोरच्या खोलीच्या दाराशी थांबली. मुलीची पावलंही त्यांच्यामागे आली.

“मी करू का बाबा?” तिने विचारलं.

“नको,” ते म्हणाले. “मी करतो. तू फक्त इथे उभी राहा.”

मग त्या पिवळ्या दिव्याच्या बटणाचा आवाज आला. त्या घरात मी तो पहिल्यांदाच ऐकत होतो. पलंग करकरला. खूप वेळाने, अगदी हळूहळू सुरू झालेलं घोरणं मला ऐकू आलं, आणि त्यानंतर तिने दार ओढून घेतलं.

मित्रांनो, मी दिवा आहे, तेव्हा दिवे लावा असंच मी म्हणावं. पण तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी असं एकटं जागं बसलेलं असेल, तर त्याला आणखी उजेड देऊ नका. त्याचा दिवा आपल्या हाताने मालवूही नका. त्याला स्वतःला तो मालवावासा वाटेल, तेव्हा त्याच्याजवळ जा, आणि फक्त उभे राहा.